टेलिफोन कक्षातल्या दोघी

“आजी, ही तू आहेस ना?”

ओवीनं फोटोच्या काचेवर बोट टेकवलं होतं. प्रदर्शनात वृंदाताई अजून दोन फोटो मागेच रेंगाळल्या होत्या. कंपालाच्या पपायरस हॉटेलचा दर्शनी जिना, दोन्ही बाजूंचे सिमेंटचे बगळे, वरच्या मजल्याच्या जाळ्या. चाळीस वर्षांनंतरही त्यांना सगळं ओळखू येत होतं. या जिन्यानं नोकरांनी जायचं नाही असा नियम होता, आणि त्या रोज सकाळी कुणी बघत नाहीसं पाहून त्याच जिन्यानं जायच्या, हे आठवून त्यांना हसू येत होतं.

ओवीच्या हाकेनं त्या पुढे आल्या. फोटो कृष्णधवल होता. टेलिफोनच्या स्विचबोर्डसमोर दोन मुली बसल्या होत्या आणि मागून कुणी हाक मारावी तशा वळून बघत होत्या. डावीकडची साडीतली, लांब वेणी पुढे घेतलेली. उजवीकडची आफ्रिकन, पांढरा ब्लाउज, आखूड केस, हसू दाबायला ओठ मुडपलेले.

“मीच,” वृंदाताई म्हणाल्या. “आणि ही गोरेट्टी. खाली काय लिहिलंय गं? वाच की.”

खालची पाटी जपानीत होती. ओवी इथे जपानातल्याच शाळेत चौथीत होती. मराठी तिला ऐकून कळायची, वाचता यायची नाही; जपानी कांजी अक्षरं मात्र ती भराभर वाचायची. तिनं पाटी मनातल्या मनात वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“वाच ना.”

“आजी, आय थिंक इट्स राँग.”

“चुकीचं असू दे. काय लिहिलंय?”

ओवीनं एकेक वाक्य अडखळत मराठीत आणलं. “टेलिफोनची खोली. नाइन्टीन सेव्हन्टी-टू. लेफ्टवाली वृंदा मुजुमदार, ऑपरेटर. सप्टेंबर ट्वेंटी-सिक्स्थला सोल्जर्स तिला हॉटेलमधून घेऊन गेले. मग...” तिला मराठी शब्द सापडेना, म्हणून तिनं जपानीच म्हटला. “युकुए-फुमेइ.”

हा शब्द वृंदाताईंना माहीत होता. जपानी त्यांना दुकानातल्या चार वाक्यांपुढे येत नव्हती, पण भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली तरी टीव्हीवर अजून दोन आकडे दाखवायचे. मृत इतके, युकुए-फुमेइ इतके. बेपत्ता.

“आणि उजवीकडची?”

“राइटवाली कलीग. नाव माहीत नाही असं लिहिलंय.”

गाडी लावून ओवीची आई कौमुदी आत आली तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. प्रदर्शनाची जाहिरात तिनंच तिच्या संशोधन संस्थेच्या फलकावर पाहिली होती. योकोहामाला आफ्रिकी देशांची परिषद भरली होती, त्या निमित्तानं त्सुकुबाच्या विद्यापीठात ‘एका हॉटेलचा इतिहास’ म्हणून हे फोटो लावले होते. कंपालाचं नाव वाचून ती सासूबाईंना हौसेनं घेऊन आली होती. तिनं पाटी वाचली आणि तिला हसूच आलं.

“आई, तुम्हाला तर मारूनच टाकलंय की यांनी. आपण सांगू या त्यांना.”

वृंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी ओवीला विचारलं, “तारीख नीट वाच. सव्वीसच आहे?”

“ट्वेंटी-सिक्स. येस.”

“सव्वीस सप्टेंबरला मी विमानात होते,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून मागच्या बाकावर बसल्या. कौमुदीनं पर्समधून पाण्याची बाटली काढली. ती त्यांनी हातात घेतली, उघडली नाही.

“आई, काय झालं?”

“त्या दिवशी माझ्या खुर्चीवर गोरेट्टी बसली होती.”

वृंदाताईंचे वडील, नीलकंठ मुजुमदार, कंपालातल्या एका शाळेत गणित शिकवत. वृंदाताई तिथेच जन्मल्या, तिथेच शिकल्या. पपायरस हॉटेल त्यांच्याहून पाचच वर्षांनी लहान. इंग्रजांनी ते टेकडीवर बांधलं, दगड बसवले कच्छी गवंड्यांनी, आणि उघडल्यावर त्यांना आत घेतलं नाही. आफ्रिकन माणसांना तर मागच्या फाटकातूनच प्रवेश, तोही कामासाठी. देश स्वतंत्र झाला त्या आठवड्यात मास्तरांनी बायको-मुलीला कपडे करून गच्चीवरच्या उपाहारगृहात नेलं आणि तिघांसाठी आईस्क्रीम मागवलं. शेजारच्या टेबलावर एक आफ्रिकन कुटुंब तसंच नटून आईस्क्रीम खात होतं. दोन्ही टेबलं एकमेकांकडे बघून लाजत होती. हॉटेलचं नाव निघालं की मास्तर पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत.

एकोणिसाव्या वर्षी वृंदाताई त्याच हॉटेलात टेलिफोनवर लागल्या. गोरेट्टी नान्सुबुगा त्याच दिवशी लागली. पन्नास खोल्या, चार बाहेरच्या लाइनी, दोन मुली. गोरेट्टीनं त्यांना तिची लुगांडा भाषा शिकवली, त्यांनी गोरेट्टीला मराठी आकडे. सुपरवायझर आसपास असला की दोघी खोल्यांचे नंबर मराठीत बोलत आणि कुठला पाहुणा किती भांडखोर आहे ते त्याच्या देखत ठरवत.

बहात्तर सालच्या ऑगस्टमध्ये लष्करी हुकूम निघाला, आशियाई लोकांनी तीन महिन्यांत देश सोडावा. मुजुमदारांनी घर आवरायला घेतलं. सप्टेंबर अखेरीस ते पुण्यात होते. वृंदाताईंनी पुण्याहून गोरेट्टीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तिकडचं टपाल बंद असेल, असं त्यांनी धरलं. पुढे वाटलं, रागावली असेल. त्यानंतर लग्न झालं, वृंदा मुजुमदारची वृंदा टिपणीस झाली, विमा कंपनीत बत्तीस वर्षं नोकरी झाली, शशांक झाला, पती जयप्रकाश गेले. जपानच्या भूकंपानंतर कौमुदी आणि ओवी सहा महिने पुण्यात राहून त्सुकुबाला परतल्या, तेव्हा शशांक म्हणाला, आई, तूही चल. त्या आल्या. कंपालाबद्दल कुणी विचारलं की त्या आईस्क्रीमची गोष्ट सांगत.

प्रदर्शन लावणाऱ्या बाईंचं नाव हिराओका. इमारतींचा इतिहास शिकवायच्या, पंचेचाळिशीच्या असतील. कौमुदीनं फोन केला तेव्हा बराच वेळ त्यांना कळेचना की कोण, कुणाबद्दल बोलतंय. मंगळवारी सासू-सून त्यांच्या खोलीत गेल्या. दारातच हिराओकांनी वृंदाताईंचा चेहरा पाहिला, टेबलावरचा फोटो पाहिला, आणि कमरेत वाकल्या ते लवकर वर आल्याच नाहीत.

“मी एका जिवंत माणसाला मेलेलं लिहिलं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “माफ करा, टिपणीस-सान.”

“त्याचं काही नाही,” वृंदाताई म्हणाल्या. कौमुदीनं चमकून पाहिलं. सासूबाईंचं असं इंग्रजी तिनं कधी ऐकलं नव्हतं. शब्द न शब्द सुटा, आवाज हळू पण खणखणीत. “तुम्हाला काय काय माहीत आहे ते मला सांगा. मग मी सांगते.”

हिराओकांनी सांगितलं. फोटो कुरोसाकी नावाच्या इंजिनियरचे. कापडगिरणीत यंत्रं बसवायला ते वर्षभर कंपालात होते आणि पपायरसमध्ये राहत.

“सतरा नंबर,” वृंदाताई म्हणाल्या. “रविवारी ओसाकाला ट्रंक कॉल लावायचे. बायकोला.”

भूकंपात कुरोसाकींचं मितोमधलं घर खचलं. ते पाडण्यापूर्वी त्यांच्या मुलीला माळ्यावर फोटोंची तीन खोकी सापडली, ती तिनं विद्यापीठाला दिली. या फोटोच्या मागे फक्त लिहिलं होतं, मिस मुजुमदार आणि मैत्रीण. ते नाव वाचून हिराओका उडाल्याच. त्या हॉटेलच्या इतिहासावर त्या आधीपासून काम करत होत्या आणि हे नाव त्यांना माहीत होतं. हॉटेलची जुनी हजेरी-पुस्तकं त्यांनी पाहिली होती. सव्वीस सप्टेंबर, टेलिफोन, सात ते तीन, वृंदा मुजुमदार.

“आणि तुमचे पाहुणे ओपियो,” त्या म्हणाल्या. “एकतीस नंबरचे वकील. ते नैरोबीला पोचले, तिथून लंडनला. मरेपर्यंत सांगायचे, की हॉटेलच्या टेलिफोनवरच्या मुलीनं मला वाचवलं. नाव त्यांना माहीत नव्हतं. माझा लेख छापून आल्यावर त्यांच्या मुलांना ते कळलं. मागच्या वर्षी हॉटेलचं नूतनीकरण झालं, तेव्हा त्यांनी हे लावलं.”

त्यांनी संगणक वळवला. झकपक लॉबी, एक पितळी पाटी, खाली पांढरी फुलं. पाटीवर इंग्रजीत कोरलं होतं, वृंदा मुजुमदार यांच्या स्मरणार्थ, ज्यांनी दुसऱ्याचा जीव वाचवताना आपला दिला.

वृंदाताईंनी पाटीवरचं नाव पुन्हा वाचलं.

“फोन मीच केला होता,” त्या म्हणाल्या. “पंचवीस तारखेला, दुपारी. लष्कराच्या छावणीतून मॅनेजरला फोन आला, तो मीच जोडला. प्लग काढेपर्यंत आम्हाला ऐकू यायचं. एकतीस नंबरला बाहेर जाऊ देऊ नका, आम्ही चार वाजता येतो, असं तो माणूस म्हणाला. मी एकतीसला फोन केला. म्हटलं, सर, तुमची टॅक्सी स्वयंपाकघराच्या फाटकाशी उभी आहे. त्यांनी टॅक्सी मागवलीच नव्हती. एक क्षण गप्प राहिले, मग थँक्यू म्हणाले. एवढंच. शेजारी गोरेट्टी होती. तिनं ऐकलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.”

कौमुदी सासूबाईंकडे बघतच राहिली.

“त्याच संध्याकाळी निरोप आला की आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. सकाळी साडेसहाला मी सांगायला हॉटेलवर गेले. गोरेट्टी मागच्या चाळीत राहायची, तिची सुट्टी होती. ती म्हणाली, तुझ्या पाळीला मी बसते. पुस्तकात तुझंच नाव राहू दे, उगाच चौकशी नको.” त्या थांबल्या. “तुम्ही लिहिलंय की नेलं. ते कुणी पाहिलं?”

हिराओकांनी टेबलावरचा फोटो बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, हॉटेलच्या भटारखान्यातला एरिसा नावाचा म्हातारा होता, तो दोन वर्षांपूर्वी वारला, त्याची मुलाखत टेपवर आहे. स्वाहिलीत आहे.

“लावा.”

“टिपणीस-सान, ऐकायलाच हवं असं नाही.”

“मला स्वाहिली येते. लावा.”

म्हाताऱ्याचा आवाज खरखरीत होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट. कौमुदीला एक अक्षर कळत नव्हतं. ती सासूबाईंचा चेहरा बघत होती. मधेच जमीन हलली. शेल्फांची दारं किणकिणली. हिराओकांनी सवयीनं एक हात पुस्तकांवर ठेवला आणि सगळं थांबेपर्यंत तसाच ठेवला. वृंदाताईंच्या ते लक्षातही आलं नाही.

एरिसा सांगत होता: तिघे आले. सकाळचे दहा वाजले असतील. मी चहा घेऊन चाललो होतो. टेलिफोनवरच्या मुलीला विचारलं, काल एकतीस नंबरला फोन कुणी केला. ती म्हणाली, आमचं कामच ते, दिवसभर सगळ्या खोल्यांना करतो. तुझं नाव काय, म्हणाले. ती बोलली नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मारलं. तरी नाही. मग तिनं कानावरचा हेडसेट काढला, खुंटीला नीट अडकवला आणि त्यांच्याबरोबर चालत गेली. परत आली नाही. मी नवा होतो, मला तिचं नाव माहीत नव्हतं.

टेप थांबली.

“ती मुलगी आशियाई होती का, हे मी त्यांना विचारलंच नाही,” हिराओका म्हणाल्या. “पुस्तकात नाव होतं. मला वाटलं, नाव मिळालं.”

वृंदाताई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. “दहा वाजता आम्ही घराला कुलूप लावत होतो,” त्या म्हणाल्या. “विमान अडीचला होतं. एन्टेबे विमानतळाच्या रस्त्यावर सात ठिकाणी गाड्या अडवून कागद बघत होते. तिनं स्वतःचं नाव सांगितलं असतं तर पुस्तकात दुसरंच नाव निघालं असतं. मग त्यांनी ते नाव रस्त्यावर कळवलं असतं.” हे सगळं त्या अगदी संथपणे, हिशेब मांडावा तसं बोलल्या. मग त्यांनी हात मांडीवर एकावर एक ठेवले. कौमुदीनं आपले हात त्यांच्यावर ठेवले.

हिराओका उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “केसेन्नुमाला माझे काका होते,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “त्सुनामीच्या लाटेनंतर त्यांना दुसऱ्याच माणसाच्या नावानं दहन केलं होतं. चूक कळायला पाच महिने लागले. तोवर काकू रोज शाळेत उभारलेल्या प्रेतागारात जाऊन यादी बघायची. त्या दुसऱ्या माणसाच्या घरी मात्र सगळं शांत होतं, त्यांचं माणूस सापडलं होतं ना. चूक उघड झाल्यावर त्यांची यादी बघणं सुरू झालं.” त्या वळल्या. “तुमच्या मैत्रिणीचं पूर्ण नाव मला लिहून द्याल?”

वृंदाताईंनी लिहून दिलं.

शशांकला कौमुदीनं फोनवर सांगितलं होतं. तो त्या दिवशी तोक्योहून लवकरची गाडी पकडून घरी आला. आई स्वयंपाकघरात उभी राहून दुधी किसत होती.

“आई, बस जरा.”

“झालंच आहे.”

“तू आम्हाला कधी बोलली नाहीस. बाबांना माहीत होतं?”

“नाही. काय सांगायचं? एक फोन केला होता आणि मग आम्ही निघून आलो.”

“मग झालं तर. तू एका माणसाचा जीव वाचवलास. पुढचं तुला माहीतच नव्हतं.” तो खुर्ची ओढून बसला. “त्या बाई म्हणे तिच्या घरच्यांना शोधणार आहेत. आई, मला वाटतं ते त्यांचं त्यांना करू दे. तू कशाला मध्ये पडतेस? काय सांगणार आहेस, तुमची मुलगी माझ्यामुळे गेली?”

“हो.”

“तुझ्यामुळे नाही गेली ती. सोल्जर्सनी मारलं तिला.”

वृंदाताईंनी किसणी खाली ठेवली. “शशांक, तुला वाटतंय तेवढं ते सोपं नाही. सकाळी तिला सांगून मी जिना उतरत होते. तेव्हा एकदा माझ्या मनात आलं, की ते लोक चौकशीला आले तर खुर्चीवर ही असेल. आलं होतं मनात. मी थांबलेसुद्धा, एखादा क्षण. खाली टॅक्सीत माझे बाबा वाट बघत होते, घरी आई बोचकी बांधत होती. मी उतरत गेले.”

शशांक खुर्चीत पुढे सरकला.

“म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. मी ते मुद्दाम विसरले. आणि इतकं चांगलं विसरले की ती पत्र लिहीत नाही म्हणून तिच्यावरच रुसले. चाळीस वर्षं.”

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. आतल्या खोलीतून ओवी हळूच बाहेर आली, दारातूनच बाबांकडे आणि आजीकडे बघितलं, आणि जाऊन गॅस बंद केला.

शशांक म्हणाला, “तू बावीस वर्षांची होतीस गं.”

“ती पण.”

पुढचे सहा आठवडे वृंदाताई फार बोलल्या नाहीत. सकाळी कचरा वेगळा करून ठेवायचा, ओवीचा डबा भरायचा, दुपारी सायकलवरून भाजी आणायची, सगळं नेहमीसारखं चालू होतं. फक्त मधेच कुठेही हात थांबायचे. एकदा सुपरमार्केटमध्ये कांद्यांसमोर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की तिथल्या मुलीनं येऊन काही हवंय का विचारलं. प्रदर्शनाचा मुक्काम संपण्यापूर्वी हिराओकांनी पाटी बदलली. ती पाहायला त्या एकट्याच जाऊन आल्या. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, “दोघींची नावं आहेत आता.” कंपालाच्या हॉटेललाही हिराओकांनी कळवलं होतं. पितळी पाटी उतरवली, नवी करायला दिली, असं उत्तर आलं होतं.

ऑगस्टमध्ये चर्चच्या जुन्या नोंदींवरून गोरेट्टीच्या धाकट्या बहिणीचा पत्ता लागला. फ्लोरेन्स. मसाकात राहायची, निवृत्त नर्स. हिराओकांनी तिच्याशी आधी बोलून घेतलं आणि वृंदाताईंना सगळं सांगितलं. गोरेट्टी नाहीशी झाल्यावर तिचे वडील हॉटेलवर गेले होते. हॉटेलनं हजेरी-पुस्तक उघडून दाखवलं. तुमची मुलगी त्या दिवशी कामावरच नव्हती, सुट्टीवर होती. कुणाबरोबर तरी सीमा ओलांडून गेली असेल, हल्ली बऱ्याच जणी जातात. वडिलांनी ते खरं मानलं. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, भिंतीवरचा तिचा फोटो काढला. आई मात्र केनियाकडून येणारी बस थांबायची तिथे बाजारच्या दिवशी जाऊन बसायची. असं अकरा वर्षं. मग ती वारली.

“मी थोडक्यात सांगितलंय, की त्या दिवशी ती कामावर होती,” हिराओका म्हणाल्या. “बाकीचं तुम्ही सांगाल असं म्हटलंय. नको असेल तर...”

“सांगते.”

रविवारी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तिकडे चर्च सुटल्यावर, स्काइपवर बोलायचं ठरलं. कौमुदीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावला. वृंदाताई इस्त्रीची सुती साडी नेसून आधीच येऊन बसल्या होत्या. तिकडचं चित्र येत-जात राहिलं. एक पिवळी भिंत, एक पांढऱ्या केसांची बाई, तिच्यामागे बरीच माणसं. मग चित्र गेलं आणि नुसता आवाज उरला. शशांक ओवीला घेऊन आतल्या खोलीत जाणार होता, तो दारातच थांबला.

वृंदाताईंनी आधी लुगांडात नमस्कार केला. तिकडे कुजबुज झाली. मग त्या इंग्रजीत बोलू लागल्या. काही वगळलं नाही. छावणीचा फोन, एकतीस नंबर, सकाळचे साडेसहा, हजेरी-पुस्तकातलं नाव. जिन्यावर मनात काय आलं, तेही. एरिसानं जे सांगितलं ते त्यांनी त्याच्याच शब्दांत सांगितलं, हेडसेट खुंटीला लावण्यापर्यंत. एकदाच मधे थांबून त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे सुरू केलं.

“ती पळून गेली नव्हती,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या जागी बसली होती. तिनं नाव सांगितलं असतं तर मी आज इथे नसते, माझा मुलगा नसता, नातही नसती. तुम्ही मला काही म्हणालात तरी मी ऐकेन.”

तिकडून आवाज येईना. कौमुदीला वाटलं, लाइन गेली. ती पुढे वाकली, तेव्हा श्वास ऐकू आला. मग दूरवर कुणीतरी रडलं, वयस्कर पुरुषाचा आवाज असावा, आणि कुणीतरी त्याला आत नेलं.

“मॅडम,” फ्लोरेन्स म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “मी तुम्हाला माफ करते असं आज म्हणणार नाही. मला अजून कळत नाहीये मला काय वाटतंय.”

“हो.”

“आई बसच्या थांब्यावर बसायची. मीच तिला ओरडून घरी आणायचे. म्हणायचे, लाज नाही का वाटत.”

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

“एक विचारू?” फ्लोरेन्स म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी सकाळी तिला भेटलात. तिनं काही खाल्लं होतं का? ती सकाळी काही न खाताच जायची. आई त्यावरून तिला फार बोलायची.”

वृंदाताईंनी डोळे मिटले. टेबलावरची बोटं किंचित हलली.

“खाल्लं होतं,” त्या म्हणाल्या. “आम्ही घर आवरत होतो, डबे रिकामे करायचे होते, म्हणून माझ्या आईनं पहाटे उठून शिरा केला होता. मी तिच्यासाठी भांडंभर नेला होता. तिनं उभ्या उभ्याच सगळा संपवला. बोटं चाटली.”

फ्लोरेन्सनं मागे वळून ते आपल्या माणसांना सांगितलं. लुगांडात दोन-तीन आवाज एकदम काही विचारू लागले.

“काय म्हणालात, काय होतं ते?”

“शिरा. रव्याचा गोड पदार्थ असतो. आई त्यात केळं घालायची. तिकडची लहान केळी.”

“रवा इथे मिळतो,” फ्लोरेन्स म्हणाली. “भारतीयांची दुकानं परत आली आहेत.” खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कागद चाळल्याचा, कुणाकडे तरी पेन मागितल्याचा. “हळू सांगा. मी लिहून घेते.”

वृंदाताईंनी साडीचा पदर खांद्यावर घेतला आणि लॅपटॉपकडे थोड्या झुकल्या.

“आधी तूप तापवायचं,” त्या सांगू लागल्या. “मग रवा घालायचा. मंद आचेवर भाजायचा. घाई करायची नाही.”